नव्वदचे साडेचारशे

श्रीमती कौसल्या खरात यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडात काचेची नळी होती. मी दारात उभा राहून नमस्कार केला, नाव सांगितलं, वाटूरहून आलो आहे असंही सांगितलं, आणि बाईंनी उत्तरादाखल फक्त एक बोट वर केलं. त्या काळी द्रावण मोजून घेण्याची नळी, म्हणजे पिपेट, तोंडानेच ओढावी लागे. नळीतलं द्रावण रेघेवर आणून, ते परीक्षानळीत सोडून, पिपेट धुऊन जागेवर ठेवल्यावरच बाई माझ्याकडे वळल्या. तोवर मी मनातल्या मनात परतीच्या एसटीत जाऊन बसलो होतो. बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेल्या माणसाला बोटाने थांबवतात म्हणजे काय!

"एक टक्का मिठाचं पाणी म्हणजे काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मला हसू आलं. "शंभरात एक," मी म्हणालो.

"शंभर काय? आणि एक काय?"

मी छताकडे पाहू लागलो. बाईंनी मला जास्त वेळ तसं उभं ठेवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. "शंभर मिलिलिटर द्रावणात एक ग्रॅम मीठ," त्या म्हणाल्या. "नुसता आकडा बेवारस असतो. त्याच्या पाठीशी कोण आहे ते सांगितल्याशिवाय इथे आकडा बोलायचा नाही. उद्यापासून या."

नोकरी लागल्याचा आनंद व्हायचा सोडून मी हादरल्यासारखा बाहेर आलो. आज बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहायला बसलो आहे, तर लक्षात येतं की बाईंविषयीच्या माझ्या आठवणी म्हणजे एकामागून एक बसलेले धक्केच आहेत. सर्वांत मोठा धक्का तर मला गेल्याच महिन्यात बसला.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता, जिल्हा व्हायला अवकाश होता. गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयाची रक्त-लघवी तपासणारी प्रयोगशाळा बाईंच्या ताब्यात होती. बाई अंबड तालुक्यातल्या. वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी भिंतीतल्या देवळीतले देवांचे टाक उचलले आणि त्या जागी मुलीची पुस्तकं ठेवली, असं बाईंनी मला एकदाच, तेही नळ्या वाळत घालता घालता सांगितलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून त्या जालन्यात आल्या. मुंबई-पुण्याला जायची संधी असताना इथे का आलात, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "इथल्या लोकांच्या अंगात रक्त नाही का?"

त्यांच्या कामाची पद्धत सांगतो. रक्तातली साखर मोजायची तर आधी ठराविक साखरेचं एक द्रावण करून ठेवावं लागतं. त्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. रोग्याच्या रक्ताला आलेला रंग त्या द्रावणाच्या रंगाशी ताडून पाहायचा. म्हणजे स्टँडर्ड चुकलं की त्या दिवसाचे सगळे रोगी चुकले. हे द्रावण बाई स्वतःच करत. एकदा त्या लांब मानेच्या फ्लास्कमध्ये रेघेपर्यंत पाणी भरत असताना मी मागून हाक मारली आणि पाणी रेघेच्या वर गेलं. किती? केसभर. दुष्काळाचे दिवस होते. डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली मिळवायची तर वाफ थंड करायला बादल्यांवर बादल्या पाणी लागायचं, आणि बाहेर लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले. मी शहाणपणा केला. म्हणालो, "बाई, वरचं थोडं पिपेटनं काढून टाकू. बराबर रेघेवर येईल."

"काढाल ते नुसतं पाणी असेल का?" बाई म्हणाल्या. "त्याच्याबरोबर साखर नाही जाणार?"

आणि त्यांनी अख्खा फ्लास्क मोरीत रिकामा केला. त्या पाण्यासाठी मी सकाळपासून चूल सांभाळली होती. बाईंनाही वाईट वाटलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या पुन्हा तराजूपाशी गेल्या आणि पहिल्यापासून साखर तोलू लागल्या. वाफ थंड करायला वापरलेल्या पाण्याचा मात्र त्यांनी एक थेंबही वाया घालवला नाही. ते बाहेर पिंपात साठवून वॉर्डातल्या नातेवाइकांना कपडे धुवायला देत, आणि पिंपाशी भांडणं लागली की स्वतः जाऊन सोडवत.

एवढ्या कडक बाई मायाळू असतील असं कोणाला वाटणार नाही. मला विषमज्वर झाला तेव्हा मी भाड्याच्या खोलीत एकटा पडून होतो. बाई रोज डबा घेऊन येत, ताप पाहत, जिना उतरताना घरमालकिणीला माझ्याकडे लक्ष ठेवायला बजावून जात. डब्यात मऊ खिचडी असे. बाईंच्या हातची खिचडी सपक असायची, हे मी या गौरवग्रंथातही लिहिणार, कारण बाईंनीच आम्हाला खरं लिहायला शिकवलं. पण ती मी चाटूनपुसून खाल्ली आणि तिच्यावरच उठून बसलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

एका उन्हाळ्यात गोदावरीकाठच्या शहागडच्या बाजूला, जिथे गोदावरीला गंगाच म्हणतात, हगवण-उलट्यांची साथ आली. आमचे वॉर्ड भरले, व्हरांड्यातही खाटा लागल्या. मोठे डॉक्टर होते डॉ. मुळे. अतिशय कष्टाळू आणि रोग्यांची काळजी घेणारा माणूस. त्यांचं नाव मी मोकळेपणाने घेतो आहे, कारण निवृत्तीच्या दिवशी पुढची हकिकत त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगितली होती. डॉक्टर आता आपल्यात नाहीत.

त्या रोग्यांत शहागडचे ज्ञानोबा म्हणून एक तरणे शेतकरी होते. उलट्या थांबल्या होत्या, पण लघवी जवळजवळ होत नव्हती. डॉक्टरांनी रक्तातला युरिया तपासायला पाठवला. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की युरिया रक्तात साठत जातो. निरोगी माणसात तो शंभर मिलिलिटरमागे वीस ते चाळीस मिलिग्रॅम असतो. अंगातलं पाणी कमी झालं तरीही तो वाढतो, पण मर्यादेत. पाणी दिलं की उतरतो.

तपासणी बाईंनी स्वतः केली. नळीतला गुलाबी रंग इतका गडद आला की यंत्राला तो नीट वाचता येईना. अशा वेळी एक भाग नमुन्यात चार भाग पाणी घालून तो पाचपट पातळ करायचा, पुन्हा रंग आणायचा, आणि येईल त्या आकड्याला पाचाने गुणायचं. आकडा आला अठरा. अठरा पाचे नव्वद. बाईंनी रिपोर्टवर नव्वद लिहिले आणि खाली, त्यांच्या शिस्तीप्रमाणे, 'नमुना पाचपट पातळ करून' असा शेरा लिहिला.

इथेच सगळं घडलं. बाई येण्यापूर्वी या रुग्णालयात चाल वेगळी होती. प्रयोगशाळा नुसता अठरा लिहायची, खाली पाचपटीचा शेरा मारायची, आणि गुणाकार डॉक्टर करायचे. बाईंनी येताच ती चाल मोडली. गुणाकार आमचा, डॉक्टरांना तयार आकडा मिळेल, असं सगळ्या डॉक्टरांना त्यांनी जाऊन सांगितलं होतं. मुळे डॉक्टरांनाही सांगितलं होतं, त्यांनी मानही डोलावली होती. पण व्हरांड्यापर्यंत रोगी भरलेल्या त्या दिवशी डॉक्टरांची नजर खालच्या शेऱ्यावर गेली आणि इतक्या वर्षांची सवय जागी झाली. त्यांनी नव्वदला पुन्हा पाचाने गुणलं. साडेचारशे!

कोणी निष्काळजीपणा केला असता तर मला इतका धक्का बसला नसता. इथे दोघांनीही काळजीच घेतली होती, आणि एकच काळजी दोनदा घेतली गेली होती.

साडेचारशे युरिया म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं संपली. त्या काळी आमच्या भागात त्याला उपाय नव्हता. अशा माणसाच्या अंगात पाणी चढवलं तर ते फुप्फुसांत साचतं, म्हणून डॉक्टरांनी सलाइन बंद केलं, पिण्याचं पाणी वाटीभरावर आणलं. ज्ञानोबा पाणी-पाणी करत होते आणि सगळ्यांनी मन घट्ट करून त्यांना पाणी नाकारलं. शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या थोरल्या भावाला बाजूला घेतलं आणि जड मनाने सांगितलं, की आता घरी घेऊन जा, आपल्या माणसांत राहू द्या. त्या दुपारी भावाने ज्ञानोबांना एका मालट्रकमध्ये गादीवर झोपवून शहागडला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. मुळे प्रयोगशाळेत चहाला आले. स्टुलावर बसले आणि कपाळ चोळत म्हणाले, "बाई, शरीर काय अजब चीज आहे बघा. युरिया साडेचारशे, आणि माणूस घरी नेईपर्यंत माझ्याशी बोलत होता."

बाईंनी कप खाली ठेवला. "कोणाचा साडेचारशे?"

"शहागडच्या ज्ञानोबाचा. तुम्हीच तर दिला."

"मी नव्वद दिला."

ती खोली माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. डॉक्टरांचा हात कपाळावर तसाच राहिला. मग त्यांच्या तोंडून हळू आवाजात निघालं, "पाचपट," आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या माणसाला फक्त पाणी पाहिजे होतं, त्याचं पाणी आम्ही तोडलं होतं. पाणी तोडून त्याला मरायला घरी पाठवलं होतं.

"उरलेला नमुना बर्फात असेल ना? एकदा पुन्हा तपासून बघू," डॉक्टर म्हणाले.

"आल्यावर तपासू," बाई म्हणाल्या. "आधी जीप काढा. तो जिवंत असेल तर त्याला एवढा वेळ नाही."

जीप काढायची म्हणजे संस्थेच्या चिटणीसांची परवानगी पाहिजे. चिटणीसांनी सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, की डॉक्टरांनी एकट्याने जावं, नवं औषध आलं आहे असं सांगावं आणि रोग्याला परत आणावं, चूक हा शब्द काढू नये. "लोक रुग्णालय जाळतील," ते म्हणाले. "आणि बाई, तुम्ही तर बिलकुल जाऊ नका. गावातली माणसं कशी असतात तुम्हाला सांगायला पाहिजे का?" त्यांना काय म्हणायचं होतं ते बाईंना कळलं आणि मलाही. शहागडला ज्ञानोबांचं घर मोठ्या भावकीचं, जमीनजुमला असलेलं. आणि बाई कोणाच्या लेक होत्या, ते नाव ऐकताच कळत होतं.

बाई एवढंच म्हणाल्या, "आकडा माझ्या सहीने गेला आहे," आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. मी सलाइनच्या बाटल्या मांडीवर घेऊन मागे बसलो. अंबडच्या पुढे डॉक्टर म्हणाले, "बाई, गुणाकार मी केला. बोलायचं ते मी बोलेन." बाईंनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही.

घर सापडायला अडचण पडली नाही. अंगणात पुरुष मंडळी गुडघ्यांत माना घालून बसली होती. बायका आत होत्या, रडण्याचा आवाज येत होता. आणि भिंतीला दोन हिरवे बांबू टेकवून ठेवले होते. माणूस आत जिवंत आहे की गेला हे कळायच्या आधी मला ते बांबू दिसले.

ज्ञानोबा ओसरीवर घोंगडीवर होते. डोळे खोल गेलेले, पण उघडे. उशाशी त्यांची म्हातारी आई तांब्या आणि वाटी घेऊन बसली होती. डॉक्टरांना पाहताच म्हातारी घाबरली, वाटी पदराआड लपवू लागली.

"मी पानी पाजलं बाबा," ती हात जोडून म्हणाली. "तुमी नको म्हणल्ते. पर लेकरू रातभर मागून राह्यलं होतं. मरायचंच हाय तं तान्हेला कशाला जाऊ देऊ? गंगेचं पानी, त्यात थोडं मीठ-साखर, पेज... चमच्या-चमच्यानं पाजत गेले. चुकलं माझं."

डॉ. मुळे तिथेच खाली बसले. त्यांनी नाडी धरली, पोट दाबून पाहिलं, ओठ पाहिले. "लघवी?" त्यांनी विचारलं. "सकाळच्या पारी झाली थोडी," आई म्हणाली. आम्ही सगळ्या शास्त्रानिशी जे बंद केलं होतं, ते त्या माउलीने आमची आज्ञा मोडून चमच्याने चालू ठेवलं होतं.

आणि तेव्हा बाई उठून अंगणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेतली त्यांची भाषा पुस्तकी असायची. त्या दिवशी त्या आपल्या गावाच्या भाषेत बोलल्या.

"मी जालन्याच्या दवाखान्यात रक्त तपासते. ज्ञानोबाचं रक्त मीच तपासलं. त्यांच्या अंगात खराबी न्हाई. हिशोबात खराबी झाली, ती आमच्याकडून झाली. सासूनं भाजीत मीठ घातलं, सुनेला ठावं न्हाई, तिनं बी घातलं, तसं झालं. मी एकदा गुणलं, डॉक्टरसाहेबांनी पुन्यांदा गुणलं. भाजी वाईट नव्हती, आमीच खारट केली. यांना पानी पाहिजे होतं आन् आमी पानी तोडलं. हे तुमाला सांगायला आले."

असं कोणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. डॉक्टर, मास्तर, तलाठी, कोणीही. आमच्याकडे मोठ्या माणसाची चूक ही नेहमी नशिबाची असते. मग थोरला भाऊ उठला. त्याचा आवाज चिरकत होता.

"मंग कालपासून आमी जे रडून राह्यलो, ते काय? हे बांबू काय? आमची माय, आमची लेकरं... तुमी माणसं हाव का कोन?"

"बराबर हाय तुमचं," बाई म्हणाल्या.

"ही कोनाची हाय बाई?" मागून कोणीतरी विचारलं. मला ज्याची भीती होती तो प्रश्न आला. बाईंनी वडिलांचं नाव, गावाचं नाव, आडनाव, सगळं स्वच्छ सांगितलं. कोणीतरी थुंकल्याचा आवाज आला. भाऊ एक पाऊल पुढे आला, आणि मी बाटल्यांसकट मध्ये कसा गेलो ते मला आठवत नाही.

पण म्हातारी ओरडली, "ए, भांडनं मंग करा! आधी माझं लेकरू उठवा जल्दी!"

त्या एका ओरडण्याने सगळं बदललं. डॉक्टरांनी शीर शोधली. बाटली टांगायला काही नव्हतं, तेव्हा भावानेच भिंतीचा एक बांबू ओढून आणला, ओसरीच्या खांबाला सुतळीने आवळला, आणि त्याच्यावर सलाइनची बाटली लटकवली. तिरडीसाठी आणलेला बांबू! तो बांधताना भाऊ हुंदके देत होता. बाई रोग्याच्या पायाशी बसून थेंब पाहत राहिल्या. उन्हं उतरायच्या सुमारास ज्ञानोबांनी भरपूर लघवी केली आणि डॉ. मुळे लहान मुलासारखे रडले.

ज्ञानोबा वाचले. परत आल्यावर बाईंनी बर्फातला नमुना पुन्हा तपासला. नव्वदच आला.

संस्थेने बाईंना कडक मेमो दिला. मला वाटलं चुकीबद्दल असेल. तर तो चूक बाहेर सांगितल्याबद्दल होता! डॉ. मुळ्यांनी सभेत उठून सांगितलं, की बाईंना काढाल तर मीही इथे राहणार नाही. म्हणून नोकरी राहिली, पगारवाढ मात्र अडली. बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी एक काम केलं. त्या दिवसापासून रिपोर्टवर 'गुणाकार झालेला आहे, पुन्हा करू नये' असं लिहिल्याशिवाय आकडा बाहेर जायचा नाही, आणि असा आकडा गेला की बाई स्वतः वॉर्डात जाऊन तो डॉक्टरांकडून मोठ्याने म्हणवून घ्यायच्या. नवे डॉक्टर हसायचे. हसून झाल्यावर म्हणायचे.

आणि जे रुग्णालय लोक जाळणार होते, तिथे शहागडचे रोगी पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले. मी एकदा एका म्हाताऱ्याला विचारलं, जवळचा दवाखाना सोडून एवढ्या लांब का येता? तो म्हणाला, "जी बाई घरी येऊन चूक सांगती, तिच्याकडंच रगत द्यावं."

या ग्रंथासाठी लेख लिहिणार म्हणून मी बाईंना सांगायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "गौरव लिहिणार असाल तर ज्ञानोबांचा आकडाही लिहा. नाहीतर काहीच लिहू नका. आणि त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव घालू नका." म्हणून गेल्या महिन्यात मी शहागडला गेलो. ज्ञानोबा पिकल्या वयात, नातवंडं पाहून गेले. त्यांच्या पत्नी केवळबाई अजून हयात आहेत. त्या दिवशी आत रडणाऱ्या बायकांत त्या होत्या. मला त्यांचा चेहरा आठवत नव्हता.

नाव लिहायला त्यांनी लगेच होकार दिला. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मी कोनाला बोलले न्हाई. मालकाला बी न्हाई. त्या दिसी मी ठरवलं होतं. यांचं झालं की मी बी गंगेला जानार होते. दोन्ही लेकरं जावेच्या ओटीत घातली होती. तिला वाटलं, मला रडू आवरंना म्हणून दिली. जीप आली तवा मी मागच्या दाराला उभी होते. बाईचं बोलनं ऐकलं आन् तिथंच खाली बसले."

त्या अंगणातलं सगळं मी पाहिलं आहे असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो.

"लिहू का हे?" मी कसंबसं विचारलं.

"लिव्ह. आता मला कोनाची भीती हाय? आन् आधी बाईला सांग."

मी तसाच जालन्याला बाईंच्या घरी गेलो. मला वाटलं होतं, बाईंना ऐकून समाधान वाटेल. एकाच्या जागी दोन जीव वाचले, निदान आता तरी त्या स्वतःला थोडी शाबासकी देतील. बाईंनी सगळं ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी ही चूक अर्धीच धरत होते."

बाईंसमोर मी कधी उलटून बोललो नाही. त्या दिवशी बोललो. म्हणालो, "बाई, तुमचा हिशोब चुकतोय. चूक तुम्ही पुरती मोजता, आणि तिच्यापायी तुम्ही जे केलंत ते बिलकुल मोजत नाही." बाई माझ्यासाठी चहा करायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

बाई, तुमच्या हाताखाली शिकलेली आम्ही सगळी माणसं आज तुमच्यासमोर हात जोडून उभी आहोत. आपली प्रकृती उत्तम राहो, नजर अशीच रेघेवर स्थिर राहो, आणि आपल्याला इतकं भरभरून आयुष्य मिळो, की शहागडची ती दोन माणसं तुम्ही एक ना एक दिवस आपल्या नावावर मांडून घ्याल. तोवर आम्ही काही तुम्हाला जाऊ देणार नाही.